अंगणाचा फेरफार

भंडारा जिल्ह्यात घर बांधून होतं, अंगण होत नाही. वास्तुशांती उरकते, भात मोकळा झाला नव्हता असं म्हणत पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि दारासमोरचा मुरमाचा ढीग तसाच राहतो. पहिल्या वर्षी त्यावर पोरं घसरगुंडी खेळतात, दुसऱ्या वर्षी कुत्री झोपतात, तिसऱ्या पावसाळ्यात तरोटा उगवतो आणि घरमालकीण त्याची भाजी करते. मग मुलीचं लग्न ठरतं, मांडव कुठे घालायचा असा प्रश्न निघतो, आणि घरमालकाला आठवतं की अंगण करायचं राहिलं.

त्यानंतर जे सुरू होतं ते आयुष्यभर चालतं. मुरूम पसरून धुम्मस मारला तर तो पहिल्या पावसात नालीत जातो. चुरी टाकली तर ती चपलांना चिकटून देवघरापर्यंत येते. सिमेंटचा कोबा केला तर उन्हाळ्यात तडकतो. तो तडा बुजवायला आलेला मिस्त्री वाकून बघतो, चुकचुकतो आणि विचारतो, "हे काम कोनं केलं जी?" काम त्यानंच केलेलं असतं.

मग गट्टू आले. पेव्हर ब्लॉक हे त्यांचं कोटेशनमधलं नाव, बोलताना गट्टूच. ग्रामपंचायतीचा रस्ता, शाळेचं पटांगण, देवळाचं आवार, स्मशानशेडची वाट, सगळीकडे तीच लाल-करडी नागमोडी नक्षी. गट्टूचा एकच दोष. शंभरातला एक सुटतो, त्याच्या खाली पाणी साचतं, आणि पांढरा पायजमा घातलेल्या माणसाचा पाय नेमका त्याच्यावर पडतो. चिखल टोंगळ्यापर्यंत उडतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, घराघरांत गाळ साचला. तेव्हापासून इथे कोणीही अंगण करायला निघाला की रंग, नक्षी, भाव हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: पाणी जाते काय?

आमच्या खात रोडच्या बाजूला एक निवृत्त पटवारी राहतात. सरकारी कागदावर ते तलाठी होते. पण आमच्याकडे पटवारी हा आयुष्यभर पटवारीच असतो, निवृत्ती फक्त पगाराची होते. त्यांचा मुलगा इंग्लंडात. साहेब आणि बाई त्याच्याकडे राहून आले. तिकडून आलेली माणसं सहसा राजवाडा आणि नदीवरचा पूल यांबद्दल बोलतात. पटवारी साहेब मुलाच्या दारासमोरच्या जमिनीबद्दल बोलू लागले. गाडी उभी करायची ती जागा. ना डांबर, ना सिमेंट, ना गट्टू. बारीक गोल खडे, एकमेकांना चिकटलेले, वरून सोनेरी चमक. आणि पाणी ओतलं की ते वाहून जात नाही, जागच्या जागी खाली उतरतं.

प्रकार असा आहे. शंभर किलो सुकी खडी घ्यायची, तिच्यात साधारण सात-साडेसात किलो दोन भागांची राळ मिसळायची, थोडी बारीक रेती घालायची, आणि तो माल पक्क्या थरावर दीड-पावणेदोन सेंटीमीटर जाडीत थापीनं बसवायचा. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ जेवढं काम करतो तेवढंच काम इथे राळ करते: दाण्यांना धरून ठेवते, मधल्या फटी मोकळ्या सोडते. त्या फटींतून पाणी खाली जातं, आणि खालचा थरही पाणी सोडणारा असेल तर जमिनीत मुरतं. इंग्लंडात या अंगणाला चांगले दिवस आले ते सौंदर्यामुळे कमी आणि कायद्यामुळे जास्त. १ ऑक्टोबर २००८ पासून तिथे नियम आहे की घरापुढची पाच चौरस मीटरपेक्षा मोठी जागा पाणी न मुरणाऱ्या मालानं झाकायची असेल आणि ते पाणी आपल्याच हद्दीत जिरवण्याची सोय नसेल, तर आधी परवानगी काढा. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिथे मोठे पूर आले होते. पाणी मुरणारं अंगण केलं तर परवानगी नको. परवानगी वाचते म्हटल्यावर माणूस काहीही करायला तयार होतो. तो इंग्रज असला म्हणून काय झालं!

पटवारी साहेबांना हे फार भावलं. लंडनला वर्षभरात पाऊस पडतो सहाशे मिलिमीटरच्या आसपास, भंडाऱ्याला तेराशेच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यांनी हिशेब मांडला: तिथे हे चालतं तर इथे दुप्पट चालेल.

नागपूरहून असं अंगण करून देणारा एजन्सीवाला आला. त्यानं टॅबवर युरोपातली अंगणं दाखवली, त्यांतल्या एकाही अंगणात म्हैस नव्हती. राळ दोन प्रकारची मिळते, एक उन्हात पिवळी पडते, दुसरी पडत नाही, असं त्यानं सांगितलं. दुसरी महाग होती. साहेबांनी पहिली घेतली, कारण रंग मुळात सोनेरीच होता आणि सोनं थोडं पिवळं पडलं तर बिघडतं काय? फेब्रुवारीतले कोरडे दिवस धरून काम झालं. जाताना एजन्सीच्या पोरानं बजावलं, "चोवीस तास पाय नाही ठेवायचा आणि पाणी बिलकुल नाही मारायचं."

हे वाक्य त्यानं पटवारी साहेबांना सांगितलं. घर बांधलेल्या जुन्या मिस्त्रीला सांगितलं नाही. मिस्त्री रात्री सहज चक्कर मारायला आला, नवं काम कोरडंठाक पडलेलं पाहून त्याच्या जिवाची घालमेल झाली. आयुष्यभर त्यानं एकच धर्म पाळला होता: काम झालं की तराई. तराई नाही तर काम फुटतं. मालक झोपले असतील, त्रास कशाला, म्हणून त्यानं स्वतःच नळाला पाइप लावला आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. बाईंना जाग आली म्हणून बाकीचं वाचलं.

या राळेचा दुसरा भाग पाण्याला भेटला की त्यातून वायू निघतो आणि घट्ट होऊ पाहणारा माल फुगतो, फेसाळतो, पांढुरका होतो. सकाळी वायव्येचा कोपरा तसाच झाला होता. मिस्त्री खरोखर दुःखी झाला. "म्या काई नाई केलं जी, पानी मारलं फक्त. बिना तराईचं काम कोनी करते का?" त्याचं म्हणणं सिमेंटच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून त्याच्याशी भांडता येईना.

इथून पटवारी साहेबांतला पटवारी जागा झाला. त्यांनी एक लांबट वही काढली, तिच्यावर "अंगण" लिहिलं, चतुःसीमा नोंदवली: पूर्वेस फाटक, पश्चिमेस पायऱ्या, दक्षिणेस शेजाऱ्याची भिंत, उत्तरेस नाली. पहिली नोंद: "वायव्य कोपरा, पांढरा, मिस्त्रीकडून, रात्री." ही वही पुढे फार भरली.

मे महिना आला. भंडाऱ्याचा मे काय असतो ते ज्यानं दुपारी दोन वाजता अनवाणी गच्चीवरचे कपडे काढले आहेत त्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा अंगणाचं अंग त्याच्याही वर तापतं, आणि राळ थोडी मऊ पडते. मऊ पडली तरी बिघडत नाही. गाडी सरळ आली, सरळ गेली तर खडे जागच्या जागी राहतात. बिघडतं ते उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवल्यावर. तापलेलं चाक जागच्या जागी वळतं आणि खाली धरलेले खडे पिळून काढतं. तिकडच्या सूचनापत्रकांत हे ठळक लिहिलेलं असतं. पण त्याच आठवड्यात जावई नवी गाडी दाखवायला आला होता. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आरशात बघत, खिडकीतून डोकं काढून "होते काय मामाजी?" असं विचारत. जावयाला स्टिअरिंग कसं फिरवावं हे शिकवणारा सासरा महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. साहेब म्हणाले, "होते होते, येऊ द्या."

मग गाडीची पूजा. चाकांखाली लिंबं, बोनेटवर स्वस्तिक, आणि नारळ. नारळ कुठे फोडायचा? सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दगड म्हणावा असं एकच ठिकाण होतं. तीन फटके बसले. वहीत नोंद झाली: "मध्यभाग, चाकाचे अर्धवर्तुळ दोन, नारळाचा खड्डा एक. सबब: शुभकार्य."

जूनमध्ये पाऊस आला आणि अंगणानं शब्द पाळला. पाणी साचलं नाही. साहेब छत्री घेऊन फाटकात उभे राहायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे. पण घरात साहेबांची आई होती, नव्वदीला टेकलेली, आणि तिच्या हिशेबी दारात सडा पडला नाही तर सण होत नाही. नागपंचमीच्या सकाळी तिनं नातवाकडून शेण आणवलं, बादलीत कालवलं आणि हातानं छान एकसारखा सडा टाकला. सच्छिद्र अंगणाला याहून मोठा शत्रू नाही. फटींत बारीक गाळ, पानांचा चुरा, धूळ बसत गेली की ते पाणी पिणं सोडतं. तिकडची माणसं वर्षातून एकदा झाडू आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं ते धुऊन काढतात ते यासाठीच. शेण तर त्या फटींच्या मापाचंच निघालं. पोळ्याला पुन्हा, तान्ह्या पोळ्याला पुन्हा. महिनाभरात त्या भागात पाणी थांबू लागलं, हिरवी शेवाळ धरली. कोणी आईला समजावायला गेलं तर ती म्हणायची, "काऊन बाप्पा? घरापुढं सडा नाई टाकाचा तं काय टाकाचं?" याला इंग्लंडातल्या एकाही कंपनीकडे उत्तर नसेल.

खरा घाव घातला तो भाच्यानं. रोवणीचे दिवस होते. शहराच्या कडेला धानाच्या बांध्या लागतातच. भाचा तिथे चिखलणी करत होता. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील लावतात. चिखलात ती चाकं काम सुंदर करतात, डांबरावर आली की डांबराची चाळण करतात. म्हणून रस्त्यावर केजव्हील लावून ट्रॅक्टर चालवायला मनाई आहे. भाचा कायदा पाळणारा. त्यानं रस्ता टाळला, मागच्या बाजूनं काढून थेट मामाच्या अंगणात ट्रॅक्टर वळवला आणि चहा मागितला. आमच्या झाडीपट्टीत भाचा मामाला वंद्य. मामानं चहा दिला. चहा पिऊन होईपर्यंत ट्रॅक्टर अंगणात गुरगुरत होता, आणि जाताना भाच्यानं तो जागेवर फिरवला.

आता दुरुस्ती. एजन्सीला फोन लावला तर ती म्हणाली, एवढ्याशा कामाला माणसं येत नाहीत, किमान अमुक फुटांचं काम हवं. म्हणजे अंगण अजून थोडं फोडून घ्यायचं की काय, असं साहेबांनी विचारलं. त्यावर पलीकडून होकारार्थी शांतता आली.

मग गावठी उपाय झाले. सगळ्यात आधी पांढरं सिमेंट. ते राळेला धरेना, खपल्या होऊन निघालं. मग एम-सील. आमच्याकडे गळक्या नळापासून फुटलेल्या नांदीपर्यंत सगळं एम-सीलनं बसतं. पण ते कांडीकांडीनं मिळतं आणि इथे खड्डा जेवायच्या ताटाएवढा. एका वयस्क पाहुण्यानं लाख सुचवली. हा सल्ला ऐकून पोरं हसली, मला तो हसण्यासारखा वाटला नाही. लाख ही आमची घरची राळ आहे. पळसाच्या फांद्यांवर किडे ती करतात, आणि विळ्याचं पातं मुठीत बसवायला ती वितळवून ओततात. फक्त विळ्यावरून ट्रॅक्टर जात नाही, एवढाच फरक.

शेवटी एजन्सीचाच एक पोरगा रविवारी खासगीत यायला तयार झाला, आणि त्यानं जे केलं ते मी फाटकाशी उभं राहून पाहिलं. आधी चारही खराब भागांभोवती खडूनं चौकोन आखले. खड्डा गोल असला तरी काप चौकोनीच घ्यायचा आणि कडा उभ्या ठेवायच्या. वाटोळा उतरता काप घेतला तर कडेचा थर पातळ होतो आणि पहिला तोच उडतो. मग कटरनं खालच्या थरापर्यंत कापून छिन्नीनं सगळं उचललं. खाली काँक्रीट दिसलं, आणि काँक्रीटमध्ये केसाएवढा तडा.

"हे तं खालून आहे साहेब," पोरगा म्हणाला.

खालून असणारच होतं. साहेबांनी नोकरीभर कन्हार, मोरंड, सिहार, बरडी या मातीच्या जातींची नावं कागदावर लिहिली होती. कन्हार काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांचं घर कन्हारीवर होतं. माती हलली, तिच्यावरचं काँक्रीट तडकलं, आणि खालचा तडा वरच्या सोनेरी थरातून डोकं काढू लागला. वरचं कितीही महागाचं लावा, खालचा तडा न भरता ठिगळ मारलं तर वर्षभरात त्याच रेषेत तो परत येतो. पोरानं तडा थोडा रुंद करून भरला. मग सगळं वाळू दिलं. पाऊस उघडून ऊन पडेपर्यंत थांबणं हाच या कामाचा सर्वात मोठा भाग आहे, त्याचे पैसे कोणी देत नाही.

राळेचे दोन डबे त्यानं काट्यावर तोलले. "अंदाजानं नाही चालत. एक भाग कमी पडला तर हे जन्मभर चिकटच राहते." मिश्रणाला लागणारी कोरडी बारीक रेती मात्र मिळेना. वैनगंगेच्या काठावरच्या जिल्ह्यात रेती मिळत नाही, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पावसाळ्यात उपसा बंद असतो. आणि एरवी आमच्याकडे रेती हा प्रकार दिवसा लिलावात आणि रात्री टिप्परमध्ये दिसतो, घरमालकाच्या दारात कमी. साहेबांचा दावा असा की आपलीच रेती नागपूरला जाते आणि धुऊन, वाळवून, पिशवीत भरून इंग्रजी नावानं आपल्याला परत मिळते. हे खरं की खोटं ते सोडा, पिशवी नागपूरहूनच आणावी लागली.

आता उरला रंगाचा प्रश्न. मूळ कामातली अर्धी पिशवी खडी एजन्सीनं मुद्दाम ठेवून दिली होती. तिची शोधाशोध झाली. ती बाईंनी तुळशीच्या कुंडीत पसरली होती, उरलेली नातवानं माशांच्या काचेच्या पेटीत टाकली होती. मासे हलवून खडी काढावी असं साहेबांच्या मनात होतं. नातवानं रडून ते होऊ दिलं नाही. नवी खडी आणली, तीही सोनेरीच. पण जुनं अंगण एका उन्हाळ्यात पिवळं पडलेलं, नवं ठिगळ ताजं. चारी चौकोन लांबून ओळखू यायला लागले.

साहेबांनी त्यावर जो तोडगा काढला तो दुसऱ्या कोणाला सुचला नसता. त्यांनी ठिगळं लपवली नाहीत, त्यांना गट क्रमांक दिले. वहीत नकाशा काढला, फेरफार घेतला, कारण लिहिलं. गट एक मिस्त्रीचा, गट दोन जावयाचा, गट तीन आईचा, गट चार भाच्याचा. आता घरातली सगळी माणसं तेच बोलतात. "गाडी गट दोनवर नको लावू." "गट तीन घसरते आहे, जरा घासून घे." भाच्याला मात्र त्याच्या नावचा गट झाल्याचा अभिमान वाटतो आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

हे सगळं चाललं असताना मी एकदा बाईंना म्हणालो, जुनी शेणानं सारवलेली अंगणं बरी होती, त्यांना कधी दुरुस्ती लागली नाही. हे असं बोलणं आम्हा लिहिणाऱ्यांना फार लवकर सुचतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नाई लागली कशी? पस्तीस वर्स पाच वाजता उठून मी काय करत होती मंग? रोज सडा, आठ दिसांनी सारवन, पावसाळ्यात भेगा लिंपनं. तवा कोनी वही नाई केली."

त्या वाक्यानंतर मी त्या विषयावर गप्प आहे. शेणाचं अंगण टिकलं ते शेणामुळे नाही, रोज कोणीतरी ते थोडंथोडं नव्यानं करत होतं म्हणून. त्या दुरुस्तीला बिल नव्हतं, कारण ती कोणाच्या तरी कमरेतून होत होती. राळेचं अंगण निदान बिल पाठवतं, आणि ते साहेबांच्या नावे येतं. माझं मत विचाराल तर ही प्रगतीच आहे, फक्त ती विकताना "देखभाल शून्य" असं जे म्हणतात ते खोटं आहे. वर्षातून एकदा धुणं, फटींतला गाळ काढणं, सांडलेलं तेल लगेच पुसणं, खडा सुटला की बाकीचे सुटायच्या आत भरणं, इतकं तर लागतंच. म्हशीला, जावयाला आणि आईला समजावणं वेगळं.

तेव्हा भंडाऱ्यात किंवा कुठेही कोणी असं अंगण करणार असाल तर तीन गोष्टी करा. वरच्या थराचा रंग निवडण्याआधी खालची माती कोणती आहे ते विचारा आणि खालचं काँक्रीट नीट करून घ्या. स्वस्तातली राळ घेऊ नका, मागून ती पिवळी पडते. आणि कामातून उरलेली खडी एका पिशवीत भरून, वर तारीख लिहून, माशांपासून आणि तुळशीपासून लांब ठेवा. राळेचे उरलेले डबे ठेवून उपयोग नाही, त्यांना मुदत असते. खडीला नसते.